मेव्हण्यासोबत वाळवंटात

तंबूत राहायला जायचं म्हणून पोरगा विमानाची तिकिटं काढतो, तिथंच मला समजायला पाहिजे होतं की यात काहीतरी घोळ आहे. तंबू मीही पाहिले आहेत. जत्रेत पाहिले, उन्हाळ्यात आमच्या वावरात मेंढरंवाले उतरतात त्यांचे पाल पाहिले. त्यात माणूस नाइलाजानं राहतो. हौसेनं राहणारे मी आता पाहून आलो.

मी चौथी शिकलेला माणूस. चांदूर बाजारच्या बाजूला आमचं गाव, संत्र्याचा बगीचा आहे. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, कसं होतं राजस्थान, कसं होतं वाळवंट. सांगून सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाच लिहून काढतो. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. मला पुन्हा विचारू नये.

माझी बायको सुमन श्रावणात गेली. पोरगा मनोज पुण्यात नोकरीला. तो दर दोन दिवसांनी फोन करायचा आणि म्हणायचा, बाबा, तुम्ही काही बोलतच नाही. आता कोणाशी बोलू? ज्याच्याशी बोलत होतो ते माणूस गेलं. मग आंबिया बहाराची संत्री उतरून गेली, बगीच्यात माझं काही अडलेलं नव्हतं, तेव्हा मनोज आणि सूनबाई घरी आले आणि मला घेऊन निघाले. चार दिवस मोकळी हवा खायची म्हणे. गावात हवा बंद ठेवली होती जशी.

नागपूर, विमानतळ

आत शिरलो तर खुर्चीवर पुंडलिक बसलेला. मांडीवर कापडी थैली, पायात नवे बूट.

हा पुंडलिक म्हणजे सुमनचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याचं गाव. तेरवीपासून माझं त्याच्याशी बोलणं बंद होतं. का बंद होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं काही समजणार नाही.

आमच्यात बायको मेली की तेरवीच्या दिवशी तिच्या माहेरचा माणूस टोपी आणि दुपट्टा घेऊन येतो. सगळ्यांच्या समोर नवऱ्याला पाटावर बसवतो, डोक्यावर टोपी घालतो, खांद्यावर दुपट्टा टाकतो आणि तोंडात गोड घास देतो. तेव्हा दुखवटा निघतो. तोपर्यंत डोकं उघडं आणि गोड बंद. चहातली साखर यात धरत नाहीत, नाहीतर आमच्याकडे कोणी दुखवटा पाळलाच नसता. सुमनच्या माहेरात पुरुष माणूस हा एकच उरला आहे. तो तेरवीला आला, रडला, पाणी वाढू लागला. आणि मी पाटावर बसलो तेव्हा उठून बाहेर गेला, गाडीला किक मारली आणि आपल्या गावाला निघून गेला. मी बसलो आहे पाटावर, गाव पाहतो आहे. लोक म्हणाले, दुसऱ्या कोणाकडून घालून घ्या. काहून? दुसरा कोण तिचा भाऊ आहे? तेव्हापासून माझं डोकं उघडं ते उघडंच.

"हा काहून आला?" मी मनोजला विचारलं.

"मामाले म्याच बोलावलं, बाबा."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तुमी आले असते का?"

"नाही."

"म्हून."

पुंडलिक उठून उभा राहिला. "रामराम, भाऊजी."

मी त्याच्या बुटांकडे पाहिलं. चावोत अशी इच्छा केली आणि पुढे गेलो.

तंबू

जैसलमेरच्याही पुढं, जिथं रस्ता संपतो असं वाटतं तिथून आणखी पुढं, वाळूच्या टेकाडांत हे ठिकाण आहे. जीपमधून उतरलो तर ढोल वाजायला लागले. मला वाटलं कोणाची वरात आली. आमचीच होती. कपाळाला टिळा, हातात लाडवाचं ताट, आणि एक मिशीवाला माणूस प्रत्येकाच्या डोक्याला रंगीत साफा बांधत होता. मनोजला बांधला, पुंडलिकला गुलाबी बांधला. पुंडलिक नवरदेवासारखा मान ताठ करून उभा. तो मिशीवाला माझ्याकडे आला तसा मी खाली वाकलो आणि बाजूला झालो.

"बाबा, बांधून घ्या ना, फोटो काढायचा हाये सगळ्यांचा," सूनबाई म्हणाली.

"माझं डोकं झाकायचं काम ज्याचं होतं, तो तठी सोताचं बांधून घेऊन राहिला," मी म्हटलं.

पुंडलिकनं ऐकलं. साफा काढला आणि खुर्चीवर ठेवला. मग फोटो काही निघाला नाही.

लाडवाचं ताट पुढं आलं. मी नाही म्हटलं. ताटवाला म्हणाला, "शुगर है, बाबूजी?" मी पुन्हा मान हलवली. माझी मान म्हणत होती की लाडू नको. त्यानं समजून घेतलं की शुगर आहे. बस. तिथून पुढं मी त्या ठिकाणचा आजारी माणूस झालो. दर वेळी बिनसाखरेचा चहा. पहाटेपासून कपाशीत उभा राहणारा माणूस मी, मला सकाळी दुधात भिजवलेला कोंडा आणून दिला आणि वरून म्हणे, आपके लिए स्पेशल. बटाट्याची भाजी माझ्यासमोरून उचलून नेली. मी सांगितलं की मला शुगर नाही, आमच्या घरी मौत झाली आहे. त्यावर तो इतका घाबरला की साहेबाला बोलवून आणलं, आणि साहेबानं माझ्या तंबूत फुलं पाठवली. चहा बिनसाखरेचाच.

आता तंबू. त्याला झुंबर होतं. कापडाच्या छताला काचेचं झुंबर. दाराला चेन, आपल्या पँटला असते तशी, पण जमिनीपासून डोक्यापर्यंत. ती पहिल्याच दिवशी अर्ध्यात अडकली आणि मला वाकून आतबाहेर करावं लागलं. आत पलंग, गालिचा आणि आंघोळीसाठी एक मोठा पांढरा टब, म्हैस बसेल एवढा. जिथं बायका डोक्यावर घडे घेऊन जाताना वाटेत दिसल्या, तिथं टब.

"पानी कहाँ से लाते?" मी साहेबाला विचारलं.

"टैंकर आता है, बाबूजी. आप चिंता मत कीजिए, जितना चाहे लीजिए."

चिंता कशी नको? आमच्याकडे संत्र्याची झाडं जगवायला बोअर खाली खाली जाऊन राहिले, आणि याचा टब भरायला वाळूतून टँकर येतो. मी बादली मागितली. बादली नाही म्हणे, इथं कोणी मागत नाही. मग तंबूच्या दारात पितळेचा मोठा गंज ठेवला होता, त्यात पाणी आणि वर फुलं तरंगत होती. फुलं काढून ठेवली, गंज आत घेतला, पेल्यानं आंघोळ केली. बाहेर येऊन पाहतो तर झाडूवाली बाई रिकामी जागा पाहून सगळ्यांना विचारत फिरत होती. मी गंज परत नेऊन ठेवला. फुलंही टाकली. पाणी तेवढं साबणाचं होतं.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण मनोजनं तंबू दोनच घेतले होते. एक त्याचा आणि सूनबाईचा. दुसरा माझा आणि पुंडलिकचा.

बोलणं बंद असलेल्या माणसासोबत एका खोलीत राहायचं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. पुंडलिकनं एसी लावला. जानेवारीचा महिना, बाहेर हात काकडतात आणि आत हा हवा थंड करतो. मी मनोजला फोन लावला.

"मनोज, तुया मामाले सांग, एसी बंद कर म्हनाव."

"बाबा, मामा तुमच्या बाजूलेच असन ना?"

"सांग."

थोड्या वेळानं पुंडलिकचा फोन वाजला. माझ्यापासून दोन हातांवर बसून तो म्हणाला, "हो, हो. बंद करतो. मले वाटलं तो गरम हवेचा हाये." मग फोन तसाच कानाला धरून म्हणाला, "अन् मनोज, तुया बाबाले इचार, गोधडी पाह्यजे का एखादी. म्या आनली."

मला पाहिजे होती. मी नको म्हणून सांगितलं, फोनवरच.

खाण्याबद्दल

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या थाटात दाल-बाटी झाली. एक बाई उभी राहून सगळ्यांना समजावून सांगत होती की ही वाळवंटातली जुनी रीत आहे, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यात, भाजतात, बाहेरचे पाहुणे हे पहिल्यांदा पाहतात. मी ऐकून घेतलं. आमचे रोडगे काय असतात मग? देवाच्या नावानं वावरात, झाडाखाली, गोवऱ्यांचा आर करून पुरुष माणसं भाजतात ते? उलट आमचा रोडगा पदराचा असतो, फोडला की एकेक पापुद्रा सुटतो. यांची बाटी आतून एकच ढेकूळ. तुपात बुडवली म्हणून घशाखाली उतरली. आणि सोबत वांग्याची भाजी नाही. रोडगे आहेत आणि वांग्याची भाजी नाही हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी घरूनच जेवून निघालो असतो.

गोड चुरमा माझ्यासमोर आलाच नाही, मी आजारी ना.

सांगरीची भाजी मात्र चांगली होती. खेजडीच्या झाडाच्या शेंगा वाळवून ठेवतात. ज्या मुलखात काही पिकत नाही तिथल्या माणसानं झाडाच्या शेंगांतून एवढी चव काढली, त्याला मी मानलं. मी दोनदा घेतली.

पुंडलिकनं थैलीतून डबी काढली आणि झाकण उघडून टेबलावर माझ्या बाजूला सरकवली. मिरचीचा ठेचा, सुमन करायची तसा, तिच्या आईच्या हातचा प्रकार. मी घेतला. बोलणं बंद होतं, जेवण नाही.

उंट

संध्याकाळी उंटावरून सूर्य बुडताना पाहायला न्यायचं होतं. आमच्याकडे तो रोज बुडतो, कोणी पाहायला जात नाही. गेलो. तिथं पाहतो तर उंट दोनच.

"एक पे दो बैठेंगे," उंटवाला म्हणाला. मनोज आणि सूनबाई चढून मोकळे. उरलो आम्ही.

मी मनोजकडे पाहिलं. मनोजनं दुसरीकडे पाहिलं. उंट दोनच असणार हे त्याला ठाऊक होतं, हे मी आजही म्हणतो.

मी पुढं बसलो, पुंडलिक मागं. उंट उठतो कसा ते सांगून ठेवतो, पुढं कोणी जाणार असेल तर कामी येईल. तो आधी मागचे पाय उभे करतो. माणूस एकदम पुढं तोंडावर जातो. ते सावरेपर्यंत पुढचे पाय उभे करतो आणि माणूस मागं. या भानगडीत पुंडलिकनं माझ्या कमरेला मिठी मारली ती सोडेचना. "सोड" म्हणायचं तर बोलणं बंद.

आमचा उंटवाला खेताराम, माझ्याच वयाचा. दोरी धरून वाळूत पुढं चालत होता. थोडं गेल्यावर त्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. "बाबा, सिर खुला क्यों रखा? सुबह भी देखा था. इधर तो खुला सिर वही रखता, जिसके घर में मौत हुई."

"हुई है," मी म्हटलं.

"कौन?"

"घरवाली."

त्यानं उंट थांबवला. दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा हात छातीला लावला. त्या ठिकाणी एवढे लोक मला खूश करायला धडपडत होते, पण कोण मेलं हे विचारणारा हा पहिला.

"कब?"

"सावन में."

"सावन में? और ससुराल वालों ने अब तक पगड़ी नहीं बाँधी? हमारे यहाँ तो बारहवें दिन बाँधते हैं. कैसे लोग हैं?"

"पीछे बैठे हैं," मी म्हटलं. "उनसे पूछो."

खेताराम वळला आणि चालायला लागला. उंटही चालायला लागला. मनोजचा उंट बराच पुढं गेला होता. वाळूत पायांचा आवाजही होत नाही. पुंडलिकचा श्वास माझ्या मानेला लागत होता.

"भाऊजी, म्या आनली होती," पुंडलिक म्हणाला.

मी खोगीर घट्ट धरलं.

"टोपी. दुपट्टा बी. गाडीच्या डिक्कीत होती. मूर्तिजापूरच्या दुकानातून घेतली होती, चांगली पाहून."

"मंग?"

तेरवीपासूनचं त्याच्याशी माझं हे पहिलं बोलणं. मला बोलायचं नव्हतं, निघून गेलं.

"तुमी पाटावर बसले तवा काढाले गेलो. डिक्की उघडली, टोपी हातात घेतली. अन् वाटलं का हे घातलं का झालं, मंग सुमनबाईचं कायच राहत नाही. तुमचं डोकं उघडं हाये तवरक त्या घरात कोनीतरी तिच्यासाठी बसून हाये असं वाटे. माया हात चालला नाही, भाऊजी. कवा किक मारली मलेच माहीत नाही."

"अन् मी पाटावर बसलो होतो."

"माहीत हाये."

"पूरा गाव पाहून राहिला होता, पुंडलिक."

"माहीत हाये, भाऊजी."

"पानी पेताना लोकं माह्या डोक्याकडं पाहतात अजून."

"हो."

उंट टेकाडावर चढायला लागला. मी मागं रेललो, तो आणखी घट्ट धरून बसला.

"आता कोठी हाये ते टोपी?"

"डिक्कीतच."

"श्रावनापासून? उंदरानं खाल्ली असन."

"नाही खाल्ली. मी रोज पाहतो."

मला शिव्या सुचत होत्या आणि त्यातली एकही त्याला लागू पडत नव्हती. शर्टाची पाठ ओली लागायला लागली. घाम असेल. जानेवारीत.

टेकाडावर उंट बसले तेव्हा मनोज आमच्याकडे चोरून पाहत होता. खेतारामनं मात्र आडपडदा ठेवला नाही. त्याला आमची बोली समजली नसेल, पण बाकी सगळं समजलं होतं. त्यानं स्वतःच्या डोक्याचा साफा सोडला, लांबच लांब, आणि पुंडलिकच्या हातात दिला. "लो, बाँध दो. आदमी अच्छा है, बैठा है, सूरज भी सामने है."

पुंडलिक साफा घेऊन माझ्याकडे आला.

"अठी नाही," मी म्हटलं.

"भाऊजी—"

"हॉटेलातल्या उंटावरून उतरून नाही. ज्या आंगनात मले बसवून गेला, त्या आंगनात ये. त्याच लोकायच्या समोर. अन् तेच टोपी आन, दुसरी नाही."

"येतो."

"कवा?"

"गेल्याबरोबर. पयल्याच रविवारी."

साफा खेतारामला परत दिला. त्यानं पुन्हा बांधला आणि मान हलवली, मला वाटतं माझंच त्याला पटलं. त्या धांदलीत सूर्य बुडाला. आमच्यातल्या कोणीच पाहिला नाही.

नंतरचा दिवस

माझी समजूत होती की आता शांतता मिळेल. उलट झालं. इतके महिने साठलेलं पुंडलिक बोलायला लागला आणि थांबेना. आंघोळ करताना पडद्याआडून बोले. चेन अडकलेल्या दारातून वाकून बाहेर जाताना बोले. पूर्वी सुमन छोट्या रुळांच्या रेल्वेगाडीनं मूर्तिजापूरकडे माहेरी यायची, ती कुठल्या डब्यात बसायची, पिशवीत संत्री किती आंबट आणायची, सगळं.

जेवताना म्हणाला, "मनोज, तुले माहीत नसन, तुही माय माहेरी आली का तुया बाबाची नक्कल करे."

"कायची नक्कल?" मी म्हटलं.

"तुमची, भाऊजी. कंबरेवर हात ठेवून उभी राहे अन् वरडे, अरे पानी सोडलं का बे, का मी येऊ! आमची माय हासून हासून खाली बसे."

त्यानं उठून करून दाखवली, तिनं केलेली माझी नक्कल. सूनबाईच्या हातातला चमचा पडला. मनोज इतका हसला की त्याला ठसका लागला. बाजूच्या टेबलावरचे गोरे पाहुणेही हसायला लागले, काही न समजता.

आयुष्यभर माझ्यासमोर खाली मान घालून "हो" म्हणणारी बाई. तिकडे जाऊन हे करायची. आता मी तिला विचारू कोणाच्या मार्फत?

फार काही हुबेहूब नव्हती ती नक्कल. मी पुंडलिकला पुन्हा करायला लावली, चूक कुठं होते ते पाहायला.

घरी

पहिल्या रविवारी पुंडलिक आला नाही. मी अंगण सारवून घेतलं होतं, शेजारच्या लोकांना सांगितलं होतं. फोन केला तर म्हणे तुरीच्या मळणीचं यंत्र आलं. पुढच्या रविवारी गाडी पंक्चर. मी म्हटलं, "पुंडलिक, मी लोकायले दोनदा बोलावून चहा पाजला. आता पोलीस घेऊन येऊ का तुले आनाले?" तो म्हणाला, "येतो ना, भाऊजी, वरडू नका." आणि हसला. मला कळलं तो काय आठवून हसला.

तिसऱ्या रविवारी आला, बायकोला गाडीवर मागं बसवून. गाडी अंगणातच लावली. डिक्की उघडली आणि तिच्यासमोर उभा राहिला. लोक बसलेले, मी पाटावर. तो नुसता उभा. मला वाटलं, गेला हा पुन्हा. पण त्याची बायको म्हणाली, "आना ना आता," आणि तो आला.

टोपीला घडीच्या रेघा पडल्या होत्या आणि पेट्रोलचा वास होता. उंदरानं खाल्ली नव्हती हे खरं. त्यानं माझ्या डोक्यावर ठेवली, दोन्ही हातांनी नीट बसवली, दुपट्टा खांद्यावर टाकला. म्हातारे लोक म्हणाले, चला, झालं.

झालं. हे ऐकलं आणि माझा हात टोपीकडे गेला, काढून त्याला परत द्यायला. श्रावणापासून ज्याच्यासाठी मी भांडलो ते हे होतं, आणि ते मला नको होतं. हा डिक्कीपाशी का थांबला होता ते मला उंटावर समजलं नव्हतं. समजलं असं धरून चाललो होतो, खरं समजलं ते आता. पुंडलिकनं माझा हात धरला आणि खाली ठेवला.

त्याच्या बायकोनं वाटीत शिरा आणला. त्यानं माझ्या तोंडात घास दिला, मी त्याच्या तोंडात दिला, रीत आहे तशी. वेलदोडा जास्त झाला होता. घास तोंडात फिरत होता, खाली जात नव्हता. लोक पाहत होते.

"गिळा ना, भाऊजी," पुंडलिक हळूच म्हणाला.

त्याचाही गाल फुगलेलाच होता.

"तू गिळ पयले," मी म्हटलं.